बंद ग्राफ्ट, जीनचं इंजेक्शन आणि दीड एकर जमीन

तुमच्या पत्रातला मजकूर आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वडिलांचं वय ६७. २०११ साली, वयाच्या ५३ व्या वर्षी त्यांची बायपास झाली. तीन ग्राफ्ट, म्हणजे अडथळ्याला वळसा घालून रक्त नेणाऱ्या वाहिन्या, जोडले होते. एक छातीच्या आतल्या धमनीचा, ज्याला आम्ही लिमा म्हणतो, आणि दोन पायातली शीर काढून केलेले. गेल्या दिवाळीपासून चढ चढताना, जेवून चालताना छाती दाटते. नव्या अँजिओग्राफीत पायाच्या शिरेचे दोन्ही ग्राफ्ट बंद दिसले, लिमा चांगली चालू आहे, पंपिंग ५० टक्के. दोन डॉक्टरांनी सांगितलं की पुन्हा बायपास नको, स्टेंटही बसणार नाही, गोळ्यांवर राहा. आणि मग कुणा एजंटाने परदेशातल्या एका क्लिनिकचे व्हिडिओ दाखवले. हृदयात जीनचं इंजेक्शन देतात, नव्या रक्तवाहिन्या वाढतात, खर्च २२ लाख. तुम्ही दीड एकर विकायला निघाला आहात आणि विचारताय, जाऊ का?

जाऊ नका. जमीनही विकू नका.

पण एवढंच सांगून थांबलो तर तुमच्या मनात राहील की पैसे होते, उपचार होता आणि आपणच बापासाठी कमी पडलो. मी पंचवीस वर्षं कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी करतात, स्टेंट बसवतात तिथे, काम करतोय. ही रुखरुख वर्षानुवर्षं घेऊन जगणारी मुलं मी पाहिली आहेत. म्हणून कारणं सविस्तर सांगतो. शेवटपर्यंत वाचा, कारण तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टमध्ये आजच करण्यासारखं बरंच काही आहे.

जीन थेरपी, म्हणजे शरीरात जनुक घालून करायचा उपचार, हे थोतांड नाही. नव्या रक्तवाहिन्या उगवण्याची कल्पनाही कुणा भोंदूची नाही, चांगल्या शास्त्रज्ञांची आहे. १९७१ साली बोस्टनचे सर्जन ज्युडा फोकमन यांनी मांडलं की कॅन्सरची गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या बोलावून घेते. हा बोलावणारा निरोप कोणता, याचा शोध सुरू झाला आणि १९८९ मध्ये नेपोलिओन फेरारा यांच्या गटाने व्हीईजीएफ नावाचं प्रथिन वेगळं काढलं. पुढचा विचार सरळ होता. गाठीला जे जमतं ते उपाशी हृदयाला का जमू नये? डिसेंबर १९९४ मध्ये बोस्टनच्याच सेंट एलिझाबेथ्स मेडिकल सेंटरमध्ये जेफ्री इस्नर यांनी पायाचा रक्तपुरवठा बंद पडलेल्या रुग्णांत व्हीईजीएफचं जनुक घालायला सुरुवात केली. १९९६ मध्ये एका रुग्णाचा अहवाल छापून आला. अँजिओग्राफीत नव्या बारीक वाहिन्या दिसत होत्या. मी तेव्हा एमडी करत होतो. तो अंक वाचून आम्ही रात्रभर बोलत बसलो होतो, कारण वॉर्डात पाय कापायची वेळ आलेले पेशंट रोजचे होते.

त्या अहवालात आणखी एक गोष्ट होती, जिच्याकडे आम्ही तेव्हा फारसं लक्ष दिलं नाही. पायाला सूज आली होती. व्हीईजीएफ नवी वाहिनी फुटायला सांगतं, पण तेच प्रथिन वाहिनीच्या भिंती झिरपायलाही लावतं. पुढच्या सगळ्या अडचणींचं बीज त्या सुजेत होतं.

मग मोठ्या चाचण्या झाल्या. एजंट तुम्हाला सांगणार नाही ते हेच. एफजीएफ-४ नावाच्या दुसऱ्या वाढ-घटकाचं जनुक विषाणूत भरून थेट हृदयाच्या धमनीत सोडलं गेलं. दोन चाचण्यांत मिळून ५३२ रुग्ण होते. ट्रेडमिलवर चालण्याच्या वेळेत औषध मिळालेले आणि न मिळालेले यांत एकूण फरक पडला नाही. कॅनडात ९३ रुग्णांच्या हृदयाच्या स्नायूत व्हीईजीएफचं जनुक टोचलं, रक्तपुरवठा सुधारला नाही. पायांसाठी ५२५ रुग्णांची चाचणी २०११ मध्ये जाहीर झाली, पाय कापणं टळलं नाही. रशियात २०११ मध्ये अशा एका औषधाला परवानगी मिळाली आहे, पण ती पायाच्या आजारासाठी, हृदयासाठी नाही. जपानने २०१९ मध्ये पायाच्या जखमांसाठी एका जनुक-औषधाला सशर्त मंजुरी दिली होती. पुढचा पुरावा पुरेसा उभा राहिला नाही आणि २०२४ मध्ये ते मागे घेतलं गेलं. प्रयत्न थांबलेले नाहीत. बायपासच्या वेळी हृदयात व्हीईजीएफचा एमआरएनए, म्हणजे ते प्रथिन बनवायला सांगणारा तात्पुरता निरोप, टोचण्याची छोटी चाचणी झाली आहे. पण त्यात एकूण ११ रुग्ण होते, आणि अशा चाचणीतून उपचार सुरक्षित दिसतोय का एवढंच कळतं. २२ लाख घेऊन विकण्याजोगं अजून काहीही नाही.

व्हिडिओंबद्दल. जिने चढणारे, रडत आभार मानणारे ते पेशंट खोटं बोलत असतील असं मी म्हणत नाही. त्यांना खरंच बरं वाटलं असेल. याच चाचण्यांत ज्यांना नुसतं पाणी दिलं गेलं, तेही आधीपेक्षा जास्त चालले आणि त्यांचं छातीचं दुखणंही कमी झालं. आंजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छाती दाटणं, हा आजारच असा आहे. भीती कमी झाली, कुणी रोज विचारपूस केली, औषधं वेळेवर पोटात गेली की दुखणं उतरतं. म्हणून एका पेशंटच्या अनुभवावरून औषध लागू पडलं की नाही हे ठरवताच येत नाही, मग तो पेशंट कितीही प्रामाणिक असो.

आता हे का जमलं नाही ते. तुमची शेती कालव्याच्या पाण्यावर आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून तुम्हाला हे माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा लवकर कळेल. पाणी मुख्य चारीतच अडलं असेल, तर वाफ्यात कितीही नव्या सऱ्या पाडल्या तरी पिकाला पाणी मिळत नाही. व्हीईजीएफ पाडतं त्या सऱ्या. केसाहून बारीक केशवाहिन्या. वडिलांचा अडथळा आहे वर, चारीत. तिथे हवी पक्क्या भिंतीची, स्नायूचं अस्तर असलेली, दाब सोसणारी धमनी. आणि अशी धमनी एका प्रथिनाने तयार होत नाही. एक घटक फुटवा आणतो, दुसरा त्याला दिशा देतो, तिसरा भिंतीच्या पेशी बोलावतो, आणि हे सगळं ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या मात्रेत व्हावं लागतं. उंदरांत दिसलंय की व्हीईजीएफ लवकर थांबवलं तर नव्या वाहिन्या विरून जातात आणि न थांबता चालू ठेवलं तर वाहिन्यांचा गुंता होऊन गाठ बनते. शिवाय प्रयोगातली डुकरं, कुत्री तरुण आणि एरवी धडधाकट होती. माझ्यासमोर येणारा पेशंट ६७ वर्षांचा, पंधरा वर्षं मधुमेह असलेला, वाहिन्यांचं आतलं अस्तर थकलेला असतो. निरोप पोचला तरी ऐकणाऱ्या पेशी उरलेल्या नसतात.

आणि निरोप पोचवणं हेच मुळात कठीण. हृदयाची पंपिंग वाढवण्यासाठी सर्का२ए नावाचं जनुक विषाणूतून देण्याची चाचणी झाली, २५० रुग्णांत. तीही फसली. नंतर काही रुग्णांच्या हृदयाचे तुकडे तपासता आले, तेव्हा दिसलं की जनुक फारच थोडं आत पोचलं होतं. हृदय सतत धडधडतं, रक्त झपाट्याने वाहून जातं, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या रक्तात त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं आधीपासून असतात.

पण नवी चारी निसर्ग कधीकधी स्वतः काढतो, आणि हे मला तुम्हाला दाखवायचं आहे. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ आले, साठीचे, भाजीचा व्यापार करणारे. अँजिओग्राफी करताना उजव्या धमनीत डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं द्रव्य, सोडला तर दोन इंचांवर रस्ता संपला. शंभर टक्के बंद. मग डाव्या बाजूला डाय सोडला आणि कॅमेरा नेहमीपेक्षा दोन-तीन सेकंद जास्त चालू ठेवला. पडद्यावर डावी धमनी काळी भरली, पुसट होऊ लागली, आणि तेवढ्यात हृदयाच्या मधल्या भिंतीतून नागमोडी, स्प्रिंगसारख्या वळणांच्या बारीक रेघा उमटल्या. त्या पलीकडे पोचल्या आणि बंद असलेली उजवी धमनी खालून वर, उलट्या दिशेने भरत गेली. त्या माणसाला अटॅक आला होता हे कळायला मार्गच नव्हता, कारण तो आलाच नव्हता. इकोमध्ये हृदयाची सगळी हालचाल व्यवस्थित. या वाटांना आम्ही कोलॅटरल म्हणतो.

या वाटा नव्याने उगवलेल्या नसतात. जन्मापासून हृदयात असलेल्या, अतिशय बारीक जोडवाहिन्या असतात त्या. मोठी धमनी हळूहळू बंद होत गेली की दोन बाजूंच्या दाबात फरक पडतो आणि या जोडवाहिन्यांतून रक्ताची धार जोरात वाहू लागते. ही धार आतल्या अस्तराला घासत जाते, ते अस्तर रक्तातल्या पांढऱ्या पेशींना बोलावतं, भिंत मोडून पुन्हा रुंद बांधली जाते. जर्मनीतल्या बाट नाउहाइम इथे वोल्फगांग शापर यांनी आयुष्यभर हेच काम केलं. म्हणजे खऱ्या धमनीला वाढवणारी शक्ती आहे वाहत्या रक्ताचा घासता जोर. तो वाढवण्याचा आपल्या हातातला उपाय म्हणजे चालणं. लाइपझिगमध्ये १०१ पुरुष रुग्णांवर एक अभ्यास झाला, २००४ साली छापून आला. हृदयाच्या धमनीत ब्लॉकेज असलेल्या, पण प्रकृती स्थिर असलेल्या या रुग्णांपैकी निम्म्यांना स्टेंट बसवला, निम्म्यांकडून देखरेखीखाली व्यायाम करून घेतला. वर्षाने व्यायामवाल्यांतले ८८ टक्के कुठल्याही मोठ्या त्रासाविना होते, स्टेंटवाल्यांतले ७० टक्के. अभ्यास छोटा आहे आणि मी स्टेंट बसवण्याचंच काम करतो. तरीही तो मी प्रत्येक स्थिर रुग्णाला सांगतो.

आता त्या बाजूला या, जिथे जनुकांच्या विज्ञानाने हृदयासाठी खरोखर मोठं काम केलं. ते हृदयात झालंच नाही, यकृतात झालं.

यकृताच्या पेशींवर एलडीएल, म्हणजे वाहिन्या चोंदवणारं कोलेस्टेरॉल, पकडणारे आकडे असतात. आकडा एलडीएल घेऊन आत जातो, माल उतरवतो आणि पुन्हा वर येतो. एकच आकडा अशा शंभराहून जास्त खेपा करू शकतो. पीसीएसके९ नावाचं प्रथिन त्या आकड्याला चिकटलं, तर तो परत न येता पेशीच्या आतच मोडीत निघतो. २००३ मध्ये मॉन्ट्रियल आणि पॅरिसच्या गटांनी दाखवलं की या जनुकात एका प्रकारचा बदल असेल तर कोलेस्टेरॉल भयंकर वाढतं. मग टेक्सासच्या डॅलसमधल्या संशोधकांनी उलट प्रश्न विचारला. ज्यांचं हे जनुक जन्मतःच निकामी आहे, त्यांचं काय होतं? २००६ मध्ये उत्तर आलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांत २.६ टक्के जणांच्यात असा बदल होता, त्यांचं एलडीएल सरासरी २८ टक्के कमी होतं आणि हृदयविकाराचा धोका ८८ टक्के कमी. एका ३२ वर्षांच्या स्त्रीत तर जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी होत्या. तिचं एलडीएल होतं १४, आणि ती ठणठणीत होती.

म्हणजे इथे जनुक घालायचं नाही, बंद करायचं आहे. आणि यकृत हा असा अवयव आहे की शिरेतून दिलेलं बरंचसं आपोआप तिथे जाऊन पोचतं. इन्क्लिसिरॅन हे औषध पीसीएसके९ चा निरोप प्रथिन बनण्याआधीच पेशीत फाडून टाकतं. पोटाच्या त्वचेखाली एक इंजेक्शन, तीन महिन्यांनी दुसरं, मग सहा महिन्यांतून एकदा. एलडीएल जवळपास निम्म्यावर येतं. भारतातही मिळतं. यात तुमचं जनुक बदलत नाही, औषध थांबवलं की परिणाम हळूहळू ओसरतो.

जनुक कायमचं बदलण्याचंही काम सुरू आहे. चरबीच्या अतिसूक्ष्म थेंबात जनुकातलं एक अक्षर बदलणारं साधन भरून शिरेतून देतात, आयुष्यात एकदा. २०२३ मध्ये पहिल्या १० रुग्णांचे आकडे आले, सर्वांत जास्त डोसला एलडीएल ५५ टक्क्यांपर्यंत उतरलं. पण २०२४ मध्ये एका रुग्णात यकृताची एन्झाइम्स वाढली, प्लेटलेट्स उतरल्या, आणि ती आवृत्ती थांबवावी लागली. तेच साधन वेगळ्या थेंबात घालून केलेल्या दुसऱ्या आवृत्तीचे २०२५ चे आकडे चांगले आहेत. मला या संशोधनाबद्दल मनापासून आशा आहे. पण जे परत फिरवता येत नाही ते तुमच्या वडिलांना आज द्यायची गरज नाही, कारण साध्या गोळ्यांनी होणारं काम अजून झालेलंच नाही.

एक जनुक जन्मतःच बिघडल्यामुळे हृदयाचा स्नायू आजारी पडतो, अशा आजारांत मात्र हृदयातच जनुक घालणं सयुक्तिक आहे. डॅनन नावाच्या दुर्मीळ आजारात सात रुग्णांचे चांगले निकाल २०२४ मध्ये आले, पुढच्या टप्प्यात एक मृत्यूही झाला आणि चाचणी काही काळ थांबली. आपल्याकडे याचा जवळचा संबंध आहे. हृदयाच्या स्नायूच्या आजाराशी जोडलेल्या एमवायबीपीसी३ या जनुकातून २५ अक्षरं गळालेली असणं भारतीय उपखंडात सुमारे ४ टक्के लोकांत आढळतं. हे २००९ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या सहभागाने झालेल्या कामातून कळलं. पण वडिलांचा आजार तो नाही. त्यांच्या वाहिन्या चोंदल्या आहेत, आणि त्यात अनेक जनुकं, साखर, तंबाखू, वय या सगळ्यांचा हात असतो.

आता तुमचा रिपोर्ट. पंधरा पानांत तुम्ही अँजिओग्राफीच्या पानावर खूण केलीय. मी तुम्हाला नववं पान उघडायला सांगतो. एलडीएल ११८. बायपास झालेल्या, ग्राफ्ट बंद पडलेल्या माणसाचं ते ५५ च्या खाली असायला हवं. आणि पत्रात एक ओळ आहे, "रोसुव्हास्टॅटिन १० चालू आहे, पण पाय दुखतात म्हणून मधे सहा महिने बंद केली होती, शेजारी म्हणाले त्याने साखर वाढते." साखर किंचित वाढू शकते, हे खरं. पण त्यांच्यासारख्या रुग्णात कोलेस्टेरॉल उतरवणारी ही गोळी बंद करण्याचा तोटा त्याच्या कितीतरी पट मोठा आहे. डॉक्टरांशी बोलून डोस वाढवा, सोबत इझेटिमाइब घ्या, लागलं तर बेम्पेडोइक ॲसिड, आणि दोन महिन्यांनी पुन्हा तपासा. एवढ्याने नाही उतरलं तर इन्क्लिसिरॅनचा विचार करा. याने बंद ग्राफ्ट उघडणार नाहीत, हे आधीच सांगतो. पण लिमा आणि उरलेल्या धमन्या याच्यावरच टिकायच्या आहेत.

अकराव्या पानावर ईसीजी. नाडी ८४. आंजायना असलेल्या माणसात आम्ही ती साधारण ६० च्या आसपास आणतो, म्हणजे हृदयाला कमी रक्तात भागवता येतं. नाडी कमी करणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळीचा डोस त्यांच्या वजनाला फारच कमी दिसतो. रॅनोलाझिन, निकोरँडिल ही आंजायनाची औषधं सुरूच केलेली नाहीत. "गोळ्यांवर राहा" असं सांगितलं गेलं, पण त्या गोळ्या पूर्ण दिल्या गेल्या नाहीत.

सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायची गोळी वडील दुखायला लागल्यावर घेतात. मंदिराचा चढ चढायच्या पाच मिनिटं आधी, बसून, एक घ्यायला सांगा. ती गोळी वाहिन्या सैल करणारा जो नायट्रिक ऑक्साइड सोडते, तोच निरोगी वाहिनीचं अस्तर स्वतः बनवत असतं. १९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीत अस्तराचा हा गुण ओळखला आणि १९९८ मध्ये या कामाला नोबेल मिळालं. नियमित चालण्यानेही अस्तर हा वायू पुन्हा जास्त बनवू लागतं. सकाळी, उपाशीपोटी नाही आणि जेवल्या जेवल्याही नाही, सपाटीवर, दुखणं सुरू होण्याच्या जरा आधी थांबून. मात्र बसल्या जागी दुखलं किंवा गोळीनंतर पाच मिनिटांत उतरलं नाही, तर गाडी काढा आणि हॉस्पिटल गाठा. तिथे वाट बघू नका.

"स्टेंट बसणार नाही" हे उत्तरही मी शेवटचं मानणार नाही. ग्राफ्ट बंद असले तरी मूळ धमनीतला जुना, पूर्ण बंद ब्लॉक उघडण्याचं काम करणारे कार्डिओलॉजिस्ट आहेत. आम्ही त्याला सीटीओ अँजिओप्लास्टी म्हणतो, आणि ते प्रत्येकाला जमणारं काम नाही. अँजिओग्राफीचा कागद नको, सीडी घेऊन पुण्या-मुंबईत हेच काम नियमित करणाऱ्याला दाखवा. ईसीपीबद्दलही कुणीतरी सांगेलच, पायाला हवेने फुगणारे पट्टे बांधून रोज तासभर, ३५ बैठका. काहींचं दुखणं त्याने कमी होतं. पण "बिनऑपरेशनची बायपास" म्हणून जाहिरात करणाऱ्यांकडे जाऊ नका, ते ब्लॉक उघडत नाही.

एजंटाचा पुन्हा फोन येईल. त्याला एवढंच विचारा, ही चाचणी आहे की मंजूर उपचार? चाचणी असेल तर नोंदणी क्रमांक दे, आपल्याकडच्या चाचण्या सीटीआरआय या चाचण्यांच्या नोंदणी संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात. आणि खऱ्या चाचणीत नव्या औषधाचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत, उलट इजा झाली तर उपचार आणि भरपाई देण्याची जबाबदारी चाचणी करणाऱ्यांवर असते. मंजूर उपचार असेल तर कुठल्या देशाच्या औषध नियामकाने, कुठल्या आजारासाठी मंजूर केलाय, तो कागद पाठव.

शेवटी एक राहिलंय. वडिलांना ५३ व्या वर्षी बायपास लागली, म्हणजे आजार घरात लवकर आलाय. तुम्ही ३९ वर्षांचे आहात, दोन मुलं आहेत असं लिहिलंय, आणि पूर्ण पत्रात तुमचं स्वतःचं एलडीएल कुठेच नाही. येत्या आठवड्यात लिपिड प्रोफाइल करून घ्या, त्यासाठी उपाशी राहायचीही गरज नाही. सोबत लायपोप्रोटीन-ए या एलडीएलसारख्याच धोकादायक कणाची तपासणी एकदाच करा. ते प्रमाण बहुतांशी जन्मतः ठरतं आणि आपल्या लोकांत अनेकांचं जास्त असतं. तुमचं एलडीएल १९० च्या वर निघालं तर मुलांचंही तपासायचं. दोन्ही आकडे आणि वडिलांच्या अँजिओग्राफीची सीडी मिळाली की पुन्हा लिहा, मी बघतो.